वंशावळींत नांगर कां नाहीं ?

गेल्या दसऱ्यास आमच्या गांवांतील एका खाऊनपिऊन सुखी घरीं मोठा समारंभ झाला. सोप्याच्या भिंतीवर दोन हात उंचीची रंगीत वंशावळ लावली, तिला हार घातला, नारळ फोडला, पेढे वांटले. शहरांतल्या एका ‘इतिहासतज्ज्ञ’ गृहस्थाकडून ती रोख पैसे मोजून करून आणलेली. सर्वांत वर सूर्यनारायण. त्यांच्या खालीं राजस्थानांतला कोणी राणा. त्याच्या खालीं अकरा पिढ्या. प्रत्येक नांवाखालीं एकेक पदवी : सरदार, सरनोबत, किल्लेदार, पंचहजारी. दोहों बाजूंस ढाल-तलवारी. आम्हीं ती वरपासून खालपर्यंत दोनदां वाचली. त्या अकरा पिढ्यांत कोणीं नांगर धरलेला नाहीं, कोणीं मोट हांकलेली नाहीं, कोणाच्या पायांत कांटासुद्धां मोडलेला नाहीं.

त्या घरची पंच्याऐंशी वर्षांची आजी उंबऱ्याशीं बसली होती. तिनें आम्हांस विचारलें, “मास्तर, आमच्या मामंजींचं काय लिवलंय हो तिथं ? वरच्या वावरातली हीर त्यांनी हातानं खोदली. तीन उन्हाळं खपलं.” आम्हीं पुन्हां पाहिलें. तिच्या सासऱ्याच्या नांवाखालीं ‘शूर सेनानी’ असे दोन शब्द होते. विहीर कोठेंच नव्हती.

या गोष्टीस सहा महिने झाले नाहींत तोंच त्या घरचा नातू आमच्या शाळेंत आला. त्याला शाळेचें जुनें रजिस्टर पाहावयाचें होतें. २०२३ सालीं सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली आणि जुन्या कागदांत ‘कुणबी’ अशी नोंद कोठें कोठें आहे त्याचा शोध सुरू झाला. तेव्हांपासून शाळांचीं रजिस्टरें, तहशिलींतले रुमाल, मोडी कागद, सगळ्यांवरची धूळ झटकली जात आहे. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांस जन्मांत मिळाला नव्हता एवढा मान मिळूं लागला. आमच्या रजिस्टरांतहि नोंद सांपडली. सन १९१९. मुलाचें नांव, म्हणजे त्याच आजीच्या मामंजींचें. जात : कुणबी. बापाचा धंदा : शेती. शाळा सोडण्याचें कारण : गुरें राखण्यास गेला.

नातवाचे डोळे आनंदानें भरून आले. त्यानें मोबाइलवर त्या पानाचा फोटो घेतला, नकलेचा अर्ज दिला. आम्हीं सहज विचारलें, “बाळ, हें पान आतां भिंतीवर लावणार ना ?” तो हंसला, आणि कांहीं न बोलतां निघून गेला.

आरक्षण कोणास मिळावें व कोणास मिळूं नये, हा वाद आम्हांस येथें करावयाचा नाहीं. त्यास न्यायालयें आहेत, विधिमंडळ आहे. आमचा प्रश्न निराळा आहे, आणि तो कुणब्यापासून कुंभारापर्यंत प्रत्येक घरास आहे. जो शब्द वाडवडिलांनीं पैसे देऊन वंशावळींतून पुसून घेतला, तोच शब्द नातवंडें पैसे खर्चून कचेऱ्यांतून हुडकीत फिरतात. एकाच माणसास भिंतीवर सेनानी करावयाचें आणि अर्जांत गुराखी करावयाचें, याला पूर्वजांचा अभिमान म्हणावें काय ? ही पूर्वजांची थट्टा आहे. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, असें लोक म्हणतात. आम्हीं त्याच्याहि पुढें गेलों. हातीं खरें सोनें होतें, तें लाजेनें लपविलें आणि कथलाचा वाळा मिरविला.

ही खोड आम्हांस लागली कोठून ? तिचें मूळ अपमानांत आहे. ज्यांनीं आपल्या हिंमतीनें स्वराज्य उभें केलें त्या शिवाजी महाराजांसहि १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या वेळीं तुमचें कूळ कोणतें, तुम्हांस अधिकार काय, असा प्रश्न घालण्यांत आला, आणि काशीच्या गागाभट्टांस बोलवावें लागलें. भोसल्यांचें घराणें पाटीलकीचें. पाटील म्हणजे शेताशिवारांतला माणूस. राज्य मिळविण्यास तें कूळ पुरलें, मंत्र म्हणवून घेण्यास पुरलें नाहीं ! पुढें सव्वादोनशें वर्षांनीं, १८९९ सालीं, पंचगंगेच्या घाटावर शाहू छत्रपतींस तेंच ऐकावें लागलें. तुम्हांस वेदोक्त नाहीं, पुराणोक्तच.

घरीं चालत आलेल्या पुरोहितानें असा पाणउतारा केल्यावर, आम्ही क्षत्रिय आहों असें बजावून सांगण्यांत स्वाभिमान होता. तो आम्ही नाकारीत नाहीं. पण महाराज तेवढ्यावर थांबले काय ? १९०२ सालीं त्यांनीं संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखल्या. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. १९१८ सालीं कुलकर्णी वतनें मोडून गांवचें दफ्तर पगारी तलाठ्याच्या हातीं दिलें. महाराजांचें उत्तर नोकरींत होतें, शाळेंत होतें, दफ्तरांत होतें. भिंतीवरच्या चित्रांत नव्हतें.

आणि जोतीराव ? त्यांनीं तर क्षत्रिय या शब्दाचें मूळच ‘क्षेत्र’ म्हणजे शेत यांत दाखविलें. व्युत्पत्ति पंडितांस पटो वा न पटो, त्यांतला रोख स्पष्ट आहे : जो शेतांत राबतो तोच या भूमीचा खरा राखणदार. खुद्द जोतीरावांच्या आडनांवाकडे पाहा. सातारा जिल्ह्यांतल्या कटगुणचें हें गोऱ्हे घराणें. पुण्यास येऊन वडील-चुलते पेशव्यांकडे फुलें पुरवूं लागले, म्हणून ‘फुले’ झाले. एवढ्या मोठ्या पुरुषानें आडनांव बदलून कोणाचा राणा-रावळ जोडला नाहीं. बापाच्या धंद्याचें नांव अभिमानानें मिरविलें.

आम्हीं मात्र जोतीरावांची तसबीर घेतली आणि शिकवण सोडून दिली. भटशाहीनें ज्या शिडीच्या तळाशीं उभें करून आम्हांस हिणविलें, ती शिडी मोडावयाची सोडून तिचीच एक वरची पायरी आम्हीं विकत घेतली, आणि तेथें बसून खालच्यास हिणवूं लागलों ! शहाण्णव कुळी साध्या कुणब्यास मुलगी देईना, कुणबी कुंभारास ओटीवर घेईना, कुंभार महारास घडा देईना. बांधवहो, यांत भटजींचा तोटा काय झाला ? त्यांचें काम आम्हीं फुकट केलें.

आतां त्या तलवारींविषयीं. पूर्वज लढले नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. लढले, आणि खूप लढले. पण कसे लढले तें पाहा. दसऱ्यास सीमोल्लंघन करावें आणि पावसाळा तोंडावर आला कीं माघारीं यावें, असा मराठी फौजेचा शिरस्ता होता. पावसाळ्यांत नद्यांस पूर, आणि शिवारांत पेरणीची घाई. ज्या हातांत माघांत भाला, त्याच हातांत मृगांत पाभर. स्वतःचें घोडें घेऊन येई तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. शिलेदाराचें घोडें काय तलवारी चघळून जगत होतें ? त्याला हरभऱ्याची चंदी लागे, आणि हरभरा रब्बीच्या रानांत पिके. खोगीर जिनगरानें शिवलें, नाल लोहारानें घडविली, चऱ्हाट मांगानें वळलें, पखाल ढोरानें केली, गडाचा चिरा पाथरवटानें काढला. वंशावळींत घोडेस्वार तेवढा राहिला. घोड्याला खाऊंपिऊं घालणारें आणि त्याच्या अंगावरचा सरंजाम करणारें सारें गांव गळलें!

तलवार एकाच जातीच्या घरीं टांगलेली होती, हेंहि खोटें. १६७९ सालीं खांदेरीच्या बेटावर इंग्रजांस तोंड देणारा मायनाक, भंडारी होता. भंडारी म्हणजे माडावर चढून माडी उतरविणारा समाज. १६९३ सालीं जन्मलेला मल्हारराव होळकर मेंढरें राखणाऱ्या धनगरांतला, आणि त्याचें घराणें इंदूरच्या गादीवर बसलें. पुरंदर किल्ल्याची राखण करणारें उमाजी नाइकाचें घराणें रामोशी. इंग्रजी अमलांत राखणीचे जुने हक्क बुडाले, उमाजीनें बंड केलें, आणि १८३२ सालीं पुण्यास त्याला फांशी दिलें. १८७५ सालीं बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले सयाजीराव कवळाण्याच्या शेतकरी घरांतले. यांपैकीं कोणाची थोरवी मेंढरानें, माडानें किंवा नांगरानें कमी झाली ?

पुढें इंग्रजांच्या पलटणी आल्या. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमा-कोरेगांवास लढाई झाली. तेथील स्तंभावर पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्यांतल्या बावीस नांवांच्या शेवटीं ‘नाक’ आहे, तीं महारांचीं. ती लढाई कोणाच्या बाजूनें झाली यावर लोक भांडोत. शिपाई कोण होते हें दगडावर आहे. पुढें १८९२-९३ च्या सुमारास सरकारनें ‘लढाऊ जाति’ आणि ‘बिनलढाऊ जाति’ अशा याद्या केल्या व महारांची भरती बंद पाडली. सेवानिवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं त्याविरुद्ध अर्ज केला. कोणीं दाद दिली नाहीं. मग १९१७ सालीं महायुद्धांत माणसें कमी पडूं लागतांच १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली, १९२१ सालीं मोडली. पुन्हां दुसरें महायुद्ध पेटलें, १९४१ सालीं महार रेजिमेंट उभी राहिली, ती आज आहे. आम्ही विचारतों, शौर्य जर रक्तांत असतें, तर सरकारी हुकुमानें तें १८९२ सालीं आटलें कसें आणि १९१७ सालीं परत भरलें कसें ? रक्त तेंच होतें. यादी करणारा बदलत होता. अशाच एका यादीवर विश्वासून आमचे लोक दुसऱ्यास कमअस्सल ठरवितात !

आमच्या रजिस्टराच्या त्याच पानावर आणखी एक नोंद आहे. नातवानें ती पाहिली नाहीं. त्याला तिची गरज नव्हती. जात : महार. बापाचा धंदा : पलटण. शाळा सोडण्याचें कारण : बाप लढाईंत वारला. तो मुलगा वर्गांत बसत होता कीं बाहेर ओटीवर, हें रजिस्टर सांगत नाहीं. गांवांतल्या ज्या घरचा माणूस खरोखर लढाईंत पडला, त्या घरीं तलवारीचें चित्र नाहीं. ज्या घरीं चित्र आहे, त्यांचा माणूस त्या वेळीं माळावर गुरें राखीत होता. दोन्ही कामें मानाचीं. मग अदलाबदल कशासाठीं ?

पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांतून दहा लाखांवर माणसें समुद्रापार गेलीं. मराठा पलटणी मेसोपोटेमियांत कुतच्या वेढ्यांत अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ अखेर उपासमार सोसून शेवटीं कैद झाल्या. शिपायांबरोबर भिस्ती, मोची, न्हावी, धोबी, खेचरवाले, डोलीवाले गेले. गोळी त्यांनाहि ओळखीत नव्हती. युद्ध संपल्यावर अनेक गांवांत संगमरवरी पाट्या बसल्या : या गांवांतून महायुद्धास इतके गेले, पैकीं इतके मेले. आंकडे आहेत, नांव एकहि नाहीं. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावर तोच प्रकार. अंमलदारांचीं नांवें कोरलीं, हिंदी शिपायांची नुसती संख्या. शंभर वर्षांनीं, २०२१ सालीं, तें स्मारक सांभाळणाऱ्या आयोगानें ही विषमता कबूल केली आणि माफी मागितली. साहेबानें आमच्या माणसाचें नांव गाळून आंकडा ठेवला. आम्ही नांव ठेवतों आणि माणूस गाळतों. फरक एवढाच कीं, साहेबानें निदान माफी मागितली.

आणि ते गेले कां, हें लिहिण्यास कोणाची लेखणी धजत नाहीं. सगळे शौर्याच्या उकळीनें गेले काय ? १८७५ सालीं सुप्यास शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद जाळले, एवढें कर्ज दख्खनच्या मानेवर होतें. त्यावर १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, लगेच १८९९-१९०० चा. जमीन गहाण, बैल विकलेले, घरांत चार तोंडें. अशा वेळीं पलटणीचा पगार म्हणजे गहाण सुटण्याची वाट. लेकराबाळांच्या भाकरीसाठीं परमुलुखांत छातीवर गोळी झेलणें हें शौर्य नव्हे काय ? आमच्या मतें तें सूर्यवंशाहून मोठें आहे. पण तें लिहावयाचें तर कर्ज लिहावें लागतें, आणि कर्जाची आम्हांस लाज वाटते. घेणाऱ्यानें लाजावें, आणि पिळणाऱ्या सावकाराच्या वंशजानें मात्र निःशंक मिरवावें, हा कोठला न्याय ?

आणखी एक गळती आहे, आणि ती सर्वांत मोठी. अकरा पिढ्यांच्या त्या वंशावळींत एकहि बाई नाहीं. अकरा पुरुष एकापासून एक आपोआप उगवले ! धनी पलटणींत असतां पेरणी कोणीं केली ? सारा कोणीं भरला ? १९१८ सालीं मानमोडीच्या सांथींत घरोघर मढीं पडलीं तेव्हां लेकरें कोणीं जगविलीं ? मनिऑर्डरीवर अंगठा कोणाचा ? १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नांवापुढें आईचें नांव लिहिलें पाहिजे असा महाराष्ट्र सरकारचा नियम झाला. सरकारास जें सुचलें तें आमच्या कुळाभिमान्यांस सुचूं नये ?

कोणी म्हणतील, “मास्तर, लोक हंसतील. आमच्या पणज्यानें गुरें राखलीं, जोडे शिवले, मडकीं भाजलीं, हें भिंतीवर लावावें काय ?” आम्ही म्हणतों, अवश्य लावावें. हंसणारा कोण तें आधीं पाहावें. ज्याच्या घरीं भाकर शिजते, पाणी मडक्यांत गार होतें, पायांत वहाण आहे, त्यास हंसण्याचें कारण नाहीं. दुसरे म्हणतील, “यानें मुलांचा तेज-अभिमान जाईल.” उलट आहे. सरनोबताचा वंशज म्हणवून वाढलेला मुलगा बापाबरोबर भांगलणीस जाण्यास लाजतो, आणि नोकरीहि मिळाली नाहीं कीं चावडीवर बसून मिशा पिळतो. ज्याला ठाऊक आहे कीं वरच्या वावरांतली विहीर पणज्यानें तीन उन्हाळे खपून खणली, तो ती विहीर विकतांना दहा वेळां विचार करील.

हेळव्यांस आम्ही दोष देत नाहीं. तो गरीब माणूस बैलावर चोपड्या लादून दारोदार येतो, आणि त्याच्या जुन्या चोपडींत पुष्कळ खरें असतें : कोणत्या गांवाहून उठून आलां, भाऊ किती, सोयरीक कोठें. दोष आहे तो नवी वंशावळ विकणाऱ्या दुकानदाराचा, आणि त्याहून अधिक, खोटें विकत घेणाऱ्या आमचा.

तेव्हां प्रत्येक घरानें यंदा एक काम करावें. दोन पैशांची वही घ्यावी. त्यांत प्रत्येक पूर्वजाचें नांव, शेजारीं त्याच्या बायकोचें माहेरच्या नांवासकट नांव. धंदा कोणता, हत्यार कोणतें, जमीन किती, गहाण कधीं पडली, कशी सुटली कीं बुडाली. विहीर, ताल, झाड, घर, कोणीं उभें केलें. शाळेंत कोण गेलें, कितवींत सोडली आणि कां. पलटणींत कोण होतें, पलटण कोणती, पगार कोठें गेला, परत आला कीं नाहीं. आधीं घरांतल्या म्हाताऱ्यांस विचारावें. त्या चालत्या-बोलत्या पोथ्या आहेत आणि रोज एक पान गळतें आहे. मग शाळेचें रजिस्टर पाहावें, सात-बारा व जुने फेरफार पाहावे, जन्ममृत्यूचा गांव नमुना चौदा पाहावा, ट्रंकेच्या तळाशीं पडलेलें पलटणीचें डिस्चार्ज बुक व पेन्शनीचा कागद काढावा. जें सांपडेल तें लिहावें. न सांपडेल तेथें जागा कोरी ठेवावी. तेथें राणा बसवूं नये.

आमच्या शाळेंत चौथीच्या मुलांकडून हें काम आम्हीं सुरू केलें आहे. तिसऱ्या दिवशीं एका मुलीनें आपली वही आणून दिली. ती त्याच सुखवस्तु घरची. पणजीजवळ बसून लिहिलेली. पहिल्या पानावर पणजीच्या मामंजींचें नांव, खालीं त्यांच्या बायकोचें नांव, आणि खालीं लिहिलें होतें : चार वर्षें शाळा. मग गुरें. मग शेती. विहीर खणली, तीन उन्हाळे. पाणी अजून आहे.

बांधवहो, याहून मोठी पदवी कोणत्या दरबारांत मिळत होती तें आम्हांस सांगा.

आपला,
एक खेडूत शिक्षक